गिरमिट: अंगठा इथे, कायदा तिथे

मागच्या व्याख्यानात आपण म्हटलं, करार म्हणजे दोघांची संमती. आता मॉरिशसकडे बघू. 2 नोव्हेंबर 1834 ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईला पोचले. पुढे मुंबई बंदरातून आपली मराठी माणसंही गेली. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. अंगठा उठला हिंदुस्थानात, पण राबताना लागू झाला तिथला कायदा. त्यात ‘डबल कट’ होता: विनापरवानगी एक खाडा, तर दोन दिवसांचा पगार कापायचा. दहा खाडे झाले, की वीस दिवसांचा पगार गेला! आणि हे करताना मळेवाला कायदा मोडत नव्हता बरं का, पाळत होता. आपल्याला बोचतं ते इथेच. 1871 मध्ये अडॉल्फ द प्लेव्हिट्झ यांनी 9,401 जुन्या मजुरांचा अर्ज गव्हर्नरपुढे ठेवला. मग रॉयल कमिशन आलं.