‘नक्को’ संगणकाला कळेल का?

बोललेलं ओळखणाऱ्या यंत्राची गोष्ट जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या ‘ऑड्री’ला १९५२ मध्ये शून्य ते नऊ हे आकडे तेवढे ओळखता येत. दहा वर्षांनी आयबीएमच्या ‘शूबॉक्स’ची मजल सोळा शब्दांपर्यंत गेली. मराठी आणि उर्दू बोलून टाइप करायची सोय गूगलने २०१७ मध्ये दिली.

आता माझ्या टेबलावरचा संगणक मराठीत सांगितलेलं काम करतो, किताबी उर्दूही समजतो. पण ‘अब्बीच खोल, बादमें नक्को’ म्हटलं की अडखळतो. यातला ‘च’ मराठीचा, ‘नक्को’ म्हणजे आपलं ‘नको’च. ही आमची दखनी. संगणकावर भाषा निवडताना मराठी दिसते, उर्दू दिसते, ही दिसत नाही.

याच शहरात १६६७ साली जन्मलेले वली १७०० मध्ये दिल्लीला गेले. तिथले शायर तेव्हा फारसीला मान देत. १७२० च्या सुमारास वलींचा दीवान दिल्लीत पोहोचला आणि बोलीतही गझल फुलते हे त्यांना पटलं.

यंत्र ऐकलेल्या आवाजांवरच शिकतं. सरकारच्या ‘भाषिणी’त लोक आपला आवाज दान करू शकतात, पण ती योजना आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांभोवती उभी आहे. दखनी त्या यादीत नाही.

माइकसमोर मुलं आपोआप ‘नक्को’ गाळतात. हे काम आजवर आम्ही शिक्षकच करत आलो. निदान आजी-नानीचं बोलणं तरी रेकॉर्ड करून ठेवू या. दिल्लीने वलींना मानलं, कारण त्यांचा दीवान तिथवर पोहोचला होता.