भाटघर : सह्याद्रीतील गोड्या पाण्याचा समुद्र

भोर : राजगडाच्या माचीवरून पावसाळ्यानंतर दक्षिणेकडे पाहिले की डोंगरांच्या कुशीत दूरवर पसरलेले निळे पाणी दिसते. समुद्रच वाटावा असा हा जलाशय म्हणजे वेळवंडी नदीवरील भाटघर धरण. शिवकालीन वीर येसाजी कंक यांचे नाव त्याला देण्यात आले आहे.

धरणाची साठवण क्षमता सुमारे २३.५ अब्ज घनफूट (टीएमसी) आहे. पुणे शहराची तहान भागविणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या चारही धरणांची एकत्रित क्षमता सुमारे २९ टीएमसी भरते. यावरून भाटघरच्या आकाराची कल्पना यावी. नीरा खोऱ्यातील भाटघर, नीरा देवघर, वीर व गुंजवणी या चार धरणांतील सुमारे ४८ टीएमसी साठ्यापैकी जवळपास निम्मा वाटा एकट्या भाटघरचा आहे.

या पाण्याचा इतिहास दुष्काळापासून सुरू होतो. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा आकारास आला व त्याला पाणी पुरविण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे पहिले धरण उभे राहिले. अभियंता व्हाईटिंग यांच्यावरून जलाशयास त्यांचे नाव मिळाले. पुढे साठा अपुरा पडू लागल्याने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सुमारे १,६०० मीटर लांबीचे नवे दगडी धरण बांधण्यात आले. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या नावाने ते 'लॉईड धरण' म्हणून ओळखले जाई. त्या काळी भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. १९४८ मध्ये ते विलीन झाले.

डाव्या कालव्याने बारामती व इंदापूर, तर उजव्या कालव्याने फलटण व माळशिरस हा कोरडा मुलूख ओलिताखाली आला. तेथील उसाची शेती व साखर कारखानदारी याच पाण्यावर वाढली.

ज्या खोऱ्यात हे पाणी साठते, त्याने मात्र आपली सुपीक जमीन गमावली. कांबरे येथील प्राचीन कांबरेश्वर मंदिर वर्षातील बराच काळ जलाशयात बुडालेले असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते पुन्हा दिसू लागते. याच दिवसांत भोरच्या डोंगरी वाड्या-वस्त्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. कालव्यांची वाट उताराकडे, तर वस्त्या चढावर. त्यामुळे समुद्राच्या काठी राहूनही घसा कोरडाच, अशी येथील स्थिती आहे. भाटघरचे मोठेपण मोजताना टीएमसीच्या आकड्यांबरोबरच हा हिशेबही मांडावा लागतो.