मोजणारा कान

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी वॉलेस सबीन या पदार्थविज्ञानाच्या तरुण अध्यापकावर एक नसती पीडा सोपवली. विद्यापीठाचे फॉग कलासंग्रहालय नुकतेच बांधून झाले होते आणि त्याच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे एक वाक्य धड कळत नव्हते. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळे, तेवढ्यात पुढचे कितीतरी शब्द त्याच्यावर येऊन आदळत. सबीनपाशी मोजायला मायक्रोफोन नव्हता. टेलिफोनमधला कार्बनचा माइक होता. पण त्याने आवाज मोजणे म्हणजे दर वेळी लांबी बदलणाऱ्या गजाने कापड मोजण्यासारखे झाले असते.

मग त्याने ऑर्गनची ५१२ कंपनांची नळी, वेळ नोंदणारे यंत्र आणि स्वतःचा कान एवढ्यावर भागवले. शहर निजले की सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या आणायच्या, त्या मांडून नळी वाजवायची, बंद करायची, आवाज पार नाहीसा होईपर्यंतचा वेळ टिपायचा आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवायच्या. आपल्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज शोषतात हे ध्यानात आल्यावर त्याने आधीची निरीक्षणे बाद केली आणि पुढे ठरावीक कपड्यांतच काम केले. यातून जे सूत्र निघाले ते आजही वापरात आहे. निनाद किती काळ टिकेल हे खोलीच्या घनफळाच्या सम आणि तिच्यातल्या एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असते. १९००मध्ये उघडलेले बोस्टनचे सिंफनी हॉल या सूत्रावर बेतलेले पहिले सभागृह.

सबीनची मला सर्वांत मोठी वाटणारी करामत मात्र सूत्राच्या अलीकडची आहे. त्याचा कान कोणी तपासून, शिक्का मारून दिलेला नव्हता, आणि तशी गरजही नव्हती. एका नळीऐवजी चार नळ्या वाजवल्या, तर आवाज ऐकू येईनासा व्हायला किती जास्त वेळ लागतो, एवढ्यावरून त्याने विरण्याचा वेग काढला. कानाचा उंबरठा दोन्ही वेळी सारखा असला की झाले; तो नेमका कुठे आहे, याच्याशी कर्तव्य नाही. स्वस्त मायक्रोफोन घेणाऱ्याने ही गोष्ट आधी समजून घ्यावी.

प्रत्यक्ष दाब मोजणारे साधन यायला आणखी वीसेक वर्षे गेली. एडवर्ड वेंट यांचा कंडेन्सर मायक्रोफोन १९१७ साली शोधनिबंधातून जगापुढे आला. ताणलेला धातूचा पातळ पडदा, त्यामागे लागूनच एक पट्टी, आणि दोहोंमध्ये विजेचा दाब. गायकांच्या ओठांशी हा माइक पुढे पोहोचला. जन्म मात्र ध्वनीची तीव्रता मोजण्यासाठीच झाला होता, हे त्या निबंधाचे शीर्षकच सांगते. पण मापाचे माप कोणते? त्या काळी थर्मोफोन वापरत. धातूचा अतिपातळ वर्ख विजेने तापवला-निववला की लगतची हवा फुगते-आक्रसते, आणि तो दाब गणिताने काढता येतो.

१९४०च्या सुमारास मॅक्लीन आणि कुक यांनी याहून देखणी वाट दाखवली. कंडेन्सर मायक्रोफोन उलटाही चालतो. वीज दिली की तो आवाज करतो. तीन मायक्रोफोन घ्या, दोन-दोनच्या जोड्या लावा, एकाला बोलते करा, दुसऱ्याला ऐकते. तीन जोड्यांची तीन विद्युत मापे घेतली की तिघांचीही संवेदनशीलता गणिताने सुटते. ज्ञात आवाज कुठून आणायचा, हा प्रश्नच उरत नाही. प्रयोगशाळांतले मूळ प्रमाण आजही याच रीतीने ठरते. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा एक इंची ६४०एए हा माइक त्या काळचा मानदंड होता.

ही सारी श्रीमंतांची हत्यारे. सामान्य माणसाचा प्रवेश झाला तो १९६२मध्ये, बेल प्रयोगशाळेतल्या गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांच्यामुळे. प्रयोगशाळेतल्या माइकला बाहेरून साधारण २०० व्होल्ट पुरवावे लागत. या दोघांनी टेफ्लॉनच्या पापुद्र्यातच विद्युतभार कायमचा कोंडला. या इलेक्ट्रेट कॅप्सूल पुढे टेपरेकॉर्डरपासून टेलिफोनपर्यंत सगळीकडे गेल्या आणि मातीमोल झाल्या. त्यांच्या लहानपणाचा एक फायदा आयताच मिळाला. २० हजार कंपनांच्या स्वराची तरंगलांबी सुमारे १७ मिलिमीटर असते. सहा मिलिमीटरची कॅप्सूल त्या लाटेला फारशी आडवी येत नाही. म्हणून ती सगळीकडून जवळजवळ सारखेच ऐकते.

आता खरेदीचे. आधी प्रश्न ठरवावा, मग माइक. निनादाचा काळच हवा असेल, तर सबीनच्या कानासारखाच कोणताही इमानी माइक चालतो. कोणता स्वर खोलीत फुगतो आणि कोणता दबतो हे हवे असेल, तर कंपनसंख्येनुसार माइकचा कल सांगणारी दुरुस्तीची फाइल लागते. आणि ती त्याच क्रमांकाच्या माइकची हवी. एका मॉडेलच्या सगळ्या माइकांना एकच फाइल देणे म्हणजे गावभर एकच चष्मा वाटणे. ही फाइल समोरून येणाऱ्या आवाजासाठी आहे की बाजूने येणाऱ्या, हेही पाहावे. माइक छताकडे तोंड करून धरणार असाल तर दुसरी लागते. आणि आवाज नेमका किती डेसिबल, असे ठामपणे सांगायचे असेल तरच कॅलिब्रेटर घ्यावा. तो १००० कंपनांवर ९४ डेसिबल, म्हणजे एक पास्कल दाब देतो. बारीक माइकाला त्यात बसवायला चपखल कडे लागते. फट राहिली की आकडा गेला. जुन्या पद्धतीचा पिस्टनफोन हवेच्या दाबावर चालतो, त्यामुळे महाबळेश्वरच्या उंचीवर त्याचा आकडा सुमारे दीड डेसिबलने उतरतो. अगदी शांत खोलीची शांतता मात्र या स्वस्त कॅप्सूलला मोजता येत नाही. तिची स्वतःचीच खरखर आड येते.

आपल्याकडे या विद्येचा एक थेट धागा आहे. मुंबईच्या एनसीपीएमधल्या टाटा थिएटरची ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची, सबीनच्याच परंपरेतल्या ध्वनितज्ज्ञाची. जिल्ह्याच्या नाट्यगृहांना हॅरिस कुठून मिळायचे? लाउडस्पीकर नसतानाची संगीत नाटके शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत, आणि आज कॉलरला माइक लावूनही पंधराव्या रांगेत शब्द गढूळ होतो, हे रसिक मुकाट सोसतात. अशाच एका नाट्यगृहाच्या नूतनीकरणात भिंतींना बोटभर जाडीचा फोम चिकटवला गेला. १२५ कंपनांच्या स्वराची लाट पावणेतीन मीटर लांब. बोटभर फोम तिला काय अडवणार? स-श-फ ही अक्षरे तेवढी मेली, तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा तसाच राहिला. मी स्वस्त माइकने दोन्हींचे विरण्याचे आलेख काढून दिले, तेव्हा ‘तुमचे यंत्र साधे आहे’ असे उत्तर मिळाले. त्यावर एवढेच म्हणायचे होते की आलेखाचा उतार यंत्राच्या किमतीवर ठरत नाही. तेच माप त्यांनी त्यांच्या महागड्या माइकने, त्याच खुर्चीवर बसून घ्यावे, अशी लेखी विनंती मी केली आहे.