जेजेचे ग्लिसरीन आणि अमानत

१९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जेजे रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. ते मेंदूच्या आणि डोळ्यांच्या विकारांवर उपचार घेत होते. मृत्यू झाला मूत्रपिंडे निकामी होऊन. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी त्यांना तोंडावाटे ग्लिसरीन दिले होते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी द्रव्य मिसळलेले निघाले. दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोडसर. नर्सला किंवा रुग्णाला फरक कळणे शक्य नव्हते. तो फक्त प्रयोगशाळेत कळतो.

या मृत्यूंच्या चौकशीसाठी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. त्यांनी फक्त पुरवठादारावर बोट ठेवले नाही. रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासनाची देखरेख आणि मंत्र्यांचा हस्तक्षेप हे सगळे त्यांनी उघडे केले. १९८८ मध्ये अहवाल जाहीर झाला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला.

जेजे उभे राहिले १८४५ मध्ये, जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून. नागपाडा, मदनपुरा, भेंडीबाजार इथल्या गरीब मुस्लिमांचा तोच आधार. आमच्या कोपर-डोंबिवलीतूनही, जवळच्या दवाखान्यात इलाज होत नसेल, तर लोक लोकल पकडून भायखळ्याला उतरतात. अशा माणसाला औषधाची कंपनी निवडता येत नाही. ती निवड त्याच्या वतीने भांडाराच्या टेबलावर आधीच झालेली असते. म्हणून मला औषधखरेदी हा हिशेबाइतकाच अमानतीचा विषय वाटतो.

आपल्या परंपरेत हा विचार जुना आहे. प्रेषितांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली, ही हदीस अनेकांनी ऐकलेली असेल. वरचे धान्य कोरडे होते, फसवणूक खाली होती. पुढे अब्बासी काळात शहरांमध्ये मुहतसिब हा अधिकारी बाजारावर नजर ठेवू लागला. बाराव्या शतकात सीरियातल्या अल-शैजरीने मुहतसिबासाठी लिहिलेल्या ग्रंथात औषधविक्रेते आणि औषधी सरबते बनवणारे यांच्या भेसळीवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. तपासणीची जबाबदारी त्यात रोग्यावर टाकलेली नाही. ती अधिकाऱ्याची आहे.

राशीत हात घालण्याची आधुनिक पद्धत आपल्या शेजारीच आहे. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी वेगळे महामंडळ स्थापन केले. तिथे आलेला माल आधी जिल्ह्याच्या गोदामात थांबतो. प्रत्येक बॅचचा नमुना कंपनीचे नाव झाकून प्रयोगशाळेत जातो आणि पास झाल्यावरच माल रुग्णालयाला मिळतो. प्रत्येक रुग्णालयाचे पासबुक असते. किती रकमेची औषधे उचलली, हे त्यात दिसते. महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली आणि २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणले. म्हणजे लेंटिन अहवाल जाहीर झाल्यानंतर ३५ वर्षांनी.

एवढ्या काळात ते विष मात्र संपले नाही. २०२२ मध्ये गांबियात भारतीय सिरप प्यायलेली सुमारे ७० मुले गेली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलांचा बळी घेतला. त्यातल्या काहींनी आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडले. कारण तेच, डायएथिलीन ग्लायकॉल.

औषध मिळाले नाही की आपण ओरडतो, आणि ते रास्तच आहे. पण मिळालेल्या औषधाची बॅच कधी आणि कुठे तपासली, हेही विचारायला हवे. महापालिकेच्या रुग्णालयातली खरेदी आपल्या करातून होते. तपासणीचे निकाल माहितीच्या अधिकारात मागता येतात. मशिदीच्या, मोहल्ल्याच्या कमिट्या शिबिरे भरवतात, औषधे फुकट वाटतात. तिथेही बिलासोबत बॅच क्रमांक लिहून ठेवावा. फुकट दिलेल्या औषधाचीही जबाबदारी देणाऱ्यावर असतेच.