आयरिश शालान्त परीक्षा आणि भाषेचे पुनरुज्जीवन : एक ऐतिहासिक विचार

शिक्षणाच्या इतिहासात परीक्षेकडे गौण बाब म्हणून पाहण्याची आपल्याकडे रूढी आहे. शिक्षणविषयक धोरणे, आयोगांचे अहवाल आणि विधिमंडळांतील वादविवाद यांचा अभ्यास होतो. परंतु विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्ष पडणारी प्रश्नपत्रिका मात्र संशोधकाच्या दृष्टीआड राहते. वस्तुतः एखाद्या समाजाने आपल्या भाषेविषयी काय निश्चय केला होता, हे त्याच्या राज्यघटनेपेक्षा त्याच्या गुणपत्रिकेवरून पुष्कळदा अधिक स्पष्टपणे उमगते. आयर्लंडमधील शालेय आयरिश परीक्षेचा इतिहास या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. त्याची स्थूल रूपरेषा मांडून, या परीक्षेने भाषेला काय दिले व भाषेचे काय हिरावून घेतले याचा निर्णय करण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१८३१ साली आयर्लंडमध्ये राष्ट्रीय प्राथमिक शाळांची व्यवस्था सुरू झाली, तेव्हा तिच्या अभ्यासक्रमात आयरिश भाषेला स्थान नव्हते. घरी केवळ आयरिश बोलणारी मुलेही इंग्रजी पुस्तकांतून इंग्रजी माध्यमानेच शिकत. पुढे १८४५ पासूनच्या महादुष्काळाने आणि त्यापाठोपाठच्या देशांतराने ज्या पश्चिम व दक्षिण भागांत ही भाषा बळकट होती तेच भाग ओस पाडले. १८५१ च्या शिरगणतीत भाषेविषयीचा प्रश्न प्रथमच विचारण्यात आला. त्या वेळी आयरिश जाणणाऱ्यांची संख्या सुमारे १५ लाख २४ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे २३ टक्के भरली. १८९१ पर्यंत ती सुमारे ६ लाख ८० हजारांवर आली होती. तात्पर्य, आयरिश भाषेचा परीक्षेत प्रवेश झाला तो ती वैभवात असताना नव्हे, तर तिचा झपाट्याने ऱ्हास होत असताना.

हा प्रवेश १८७८ च्या माध्यमिक शिक्षणविषयक कायद्याने झाला. १८७६ साली स्थापन झालेल्या भाषासंरक्षक मंडळाच्या व काही लोकप्रतिनिधींच्या खटपटीमुळे ‘केल्टिक’ या नावाखाली आयरिशचा ऐच्छिक विषय म्हणून समावेश करण्यात आला. मात्र लॅटिन व ग्रीक यांस जितके गुण ठेवले होते तितके या विषयास ठेवले नव्हते. गुणांतील हा फरक केवळ मानापमानाचा नव्हता. या कायद्यान्वये शाळांस मिळणारे द्रव्य त्यांच्या विद्यार्थ्यांच्या निकालावर अवलंबून असे. निकालानुसार अनुदान देण्याची ही पद्धत आपल्या मुंबई इलाख्यातही प्रचारात होती, त्यामुळे तिचे गुणदोष मराठी वाचकास अपरिचित नाहीत. ज्या विषयास गुण अल्प, त्या विषयापासून शाळेस उत्पन्नही अल्प. आणि ज्यापासून उत्पन्न अल्प तो विषय शिकविण्याची चालकांस निकड भासू नये, हे ओघानेच आले.

१८९३ साली डग्लस हाइड, इओन मॅकनील प्रभृतींनी गेलिक लीग ही संस्था स्थापन केली. या संस्थेचा मूळ हेतू भाषा बोलती ठेवण्याचा होता. तथापि तिचे पहिले मोठे युद्ध परीक्षेच्याच क्षेत्रावर झाले. माध्यमिक शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे १८९९ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील जॉन महाफी व रॉबर्ट अ‍ॅट्‌किन्सन या प्राध्यापकांनी आयरिशच्या विरुद्ध साक्ष दिली. अ‍ॅट्‌किन्सन हे त्या कॉलेजात संस्कृत व तौलनिक भाषाशास्त्र यांचे प्राध्यापक असून प्राचीन आयरिश ग्रंथांचे संपादकही होते. अर्थात त्यांचा आक्षेप अज्ञानातून आलेला नव्हता. मृत ग्रंथभाषा म्हणून आयरिश त्यांस अभ्यसनीय वाटत होती. शाळकरी मुलांच्या हाती देण्याजोगे जिवंत वाङ्मय तिच्यात आहे हे मात्र त्यांस मान्य नव्हते. हाइड यांनी प्रत्युत्तरादाखल युरोपातील विद्वानांची मते मिळवून आयोगापुढे ठेवली. त्यांत वैदिककालीन जीवनावरील ग्रंथामुळे भारतविद्येच्या अभ्यासकांस परिचित असलेले हाइनरिख त्सिमर आणि संस्कृतज्ञ अर्न्स्ट विंडिश यांचा समावेश होता. आयरिश वगळण्याची सूचना फलद्रूप झाली नाही. आपल्या मातृभाषेची योग्यता सिद्ध करण्यास आयरिश जनतेला जर्मन पंडितांची साक्ष काढावी लागली, ही गोष्ट मात्र विसरण्याजोगी नाही. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत मराठीस स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी केलेल्या खटपटी ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस या प्रसंगाचे मर्म विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

दुसरे युद्ध विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेविषयी झाले. १९०८ च्या कायद्याने राष्ट्रीय विद्यापीठ स्थापन होताच तेथील प्रवेशास आयरिश आवश्यक करावी, अशी मागणी लीगने केली. कॅथलिक धर्माध्यक्षांच्या स्थायी समितीने तिला विरोध केला. त्यांच्यावर कडक टीका करणारे मेनूथ येथील आयरिशचे प्राध्यापक, धर्मोपदेशक मायकेल ओ’हिकी यांस १९०९ साली आपले अध्यापकपद गमवावे लागले. तथापि लोकमताचा रेटा मोठा होता. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्याचा अधिकार असलेल्या जिल्हामंडळांनी लीगची बाजू उचलून धरली आणि १९१० साली विद्यापीठाने १९१३ पासून आयरिश आवश्यक करण्याचा निर्णय घेतला. येथे सक्तीचे तत्त्व सरकारने वरून लादलेले नसून लोकांच्या चळवळीने खालून मिळविलेले होते, हे ध्यानात घेणे अवश्य आहे. पुढील काळात ‘सक्तीची आयरिश’ हा शब्दप्रयोग केवळ शासकीय जुलमाचा वाचक बनला. परंतु त्याचा उगम असा नाही.

याच काळात परीक्षापद्धतीवर सर्वांत तीव्र प्रहार करणारा लेखक भाषेच्या कैवाऱ्यांपैकीच एक होता. पॅट्रिक पिअर्स यांनी १९०८ साली सेंट एंडाज ही शाळा काढली, आणि १९१६ च्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत प्रचलित शिक्षणव्यवस्थेस त्यांनी ‘खुनी यंत्र’ अशी संज्ञा दिली. त्याच वर्षीच्या उठावानंतर त्यांस देहान्त शासन झाले. नवे राज्य पिअर्स यांस हुतात्मा मानून उदयास आले. पण त्यांनी ज्या यंत्राचा निषेध केला ते यंत्र मोडण्याऐवजी त्याच्याकडून भाषेचे कार्य करून घेण्याचा मार्ग त्या राज्याने पत्करला.

१७ मार्च १९२२ पासून प्राथमिक शाळांतून दररोज किमान एक तास आयरिश शिकविली जावी, असा आदेश निघाला. लीगचे एक संस्थापक मॅकनील हेच १९२२ ते १९२५ या काळात शिक्षणमंत्री होते. १९२४ साली निकालानुसार अनुदान बंद करण्यात आले, आणि १९२५ साली माध्यमिक व शालान्त प्रमाणपत्रांच्या नव्या परीक्षा प्रथम घेण्यात आल्या. १९२८ पासून माध्यमिक प्रमाणपत्रासाठी व १९३४ पासून शालान्त प्रमाणपत्रासाठी आयरिश विषयात उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. इतर विषयांत कितीही प्रावीण्य असो, आयरिशमध्ये अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास प्रमाणपत्र मिळत नसे. इतर विषयांची उत्तरे आयरिशमध्ये लिहिणाऱ्यास अधिक गुण देण्याची प्रथाही याच धोरणाचे अंग होय.

या धोरणाचे मूल्यमापन करताना बहुतेक टीकाकार सक्तीवर बोट ठेवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते दोषाचे मूळ अन्यत्र आहे. शालान्त परीक्षेत आयरिशची तोंडी परीक्षा १९६० साली सुरू झाली. म्हणजे १९३४ पासून २६ वर्षे, भाषा पुन्हा लोकांच्या मुखी यावी म्हणून घेतलेल्या परीक्षेत उमेदवाराच्या मुखातून एकही शब्द न ऐकता त्याचे प्रमाणपत्र ठरविले जात होते. ध्येय बोलीचे आणि कसोटी लेखनाची, असा हा विसंवाद होता. याचे कारण उघड आहे. १८७८ च्या परीक्षेत आयरिशला लॅटिन व ग्रीक यांच्या पंक्तीस बसण्यासाठी त्यांचाच वेश घ्यावा लागला होता : उतारे, भाषांतर, व्याकरण, निबंध. राज्य पालटले, गुणांचे प्रमाण पालटले. वेश मात्र तोच राहिला. मृत भाषांसाठी घडविलेले माप जिवंत भाषेला लावले गेले.

वाङ्मयाच्या बाबतीत हा विसंवाद पेग सेअर्स यांच्या आत्मकथेच्या उदाहरणाने विशेष स्पष्ट होतो. १८७३ साली जन्मलेली, विवाहानंतर ग्रेट ब्लॅस्केट या बेटावर राहिलेली ही स्त्री मौखिक कथनपरंपरेची एक असामान्य प्रतिनिधी होती. लोककथांच्या संग्राहकांनी तिच्या तोंडून शेकडो कथा टिपून घेतल्या. तिला आयरिश लिहिता-वाचता येत नसे. १९३६ साली प्रसिद्ध झालेले ‘पेग’ हे तिचे आत्मकथन तिने मुलास सांगून लिहविले होते. हेच पुस्तक शालान्त परीक्षेस नेमले जाऊन विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी घोकले. वृद्धत्व, दारिद्र्य व पुत्रशोक यांची ती कहाणी सतरा-अठरा वर्षांच्या नागर मुलांना कंटाळवाणी वाटली, आणि पुढे ‘पेग’ हे नाव सक्तीच्या विषयाचे उपहासात्मक प्रतीक बनले. अशा आत्मकथांच्या साच्याची थट्टा करणारी मायल्स ना गोपालीन यांची ‘अन बेअल बोख्त’ ही कादंबरी आयरिशमध्येच १९४१ साली प्रसिद्ध झाली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. दोष पेगचा नव्हता. शेकोटीभोवती बसलेल्या श्रोत्यांसाठी जे सांगितले गेले त्याचे ‘व्यक्तिचित्रण करा’ व ‘प्रसंगाचे वर्णन करा’ अशा प्रश्नांत तुकडे झाले, म्हणजे त्यातील प्राण निघून जातो. १९९० नंतरच्या दशकात हे पुस्तक आवश्यक वाचनातून गेले.

दरम्यान सक्तीविरुद्धचा असंतोष राजकारणात उतरला होता. जॉन मॅकनमारा यांच्या १९६६ च्या द्वैभाषिक शिक्षणविषयक ग्रंथाने, आयरिशवर खर्च होणाऱ्या वेळामुळे मुलांचे इंग्रजी मागे पडते असा पक्ष मांडला. या निष्कर्षांवर पुढे आक्षेप घेतले गेले. परंतु त्यांचा तात्कालिक परिणाम मोठा झाला. १९७३ साली प्रमाणपत्रासाठी आयरिशमध्ये उत्तीर्ण होण्याची अट रद्द झाली. विषय शिकणे मात्र, काही विद्यार्थ्यांस मिळणारी सूट वगळता, आवश्यकच राहिले.

तोंडी परीक्षेस अधिक प्राधान्य देण्याचा निर्णय २००७ साली जाहीर होऊन २०१२ पासून अमलात आला. या योजनेत उच्च स्तराच्या एकूण ६०० गुणांपैकी २४० गुण तोंडी परीक्षेस, ६० श्रवणास व उरलेले ३०० लेखी उत्तरांस देण्यात आले. १८७८ पासूनच्या विसंवादाचे हे परिमार्जन होय, असे कोणासही वाटेल. परंतु येथे इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. तोंडी परीक्षेतील ८० गुण चित्रमालिकेच्या वर्णनास होते. आणि या मालिका आधीच प्रसिद्ध केल्या जात असल्यामुळे विद्यार्थी त्यांची वर्णने मुखोद्गत करू लागले. संभाषणाची अपेक्षित उत्तरेही तयार करून पाठ केली जाऊ लागली. जी घोकंपट्टी कागदावर होती ती जिव्हेवर आली. यावरून असा निष्कर्ष निघतो की, परीक्षेचे स्वरूप बदलले तरी जे निश्चित, मोजण्याजोगे व पूर्वसूचित असेल त्याकडेच विद्यार्थी वळतो. संभाषणाचा प्राण तर अनपेक्षिततेत असतो.

तथापि एकांगी निर्णय देणे इतिहासकारास शोभणारे नाही. या परीक्षेमुळेच आयरिशला शिक्षकवर्ग, पाठ्यपुस्तके व वाचकवर्ग मिळाला. परीक्षेच्या निमित्ताने हजारो मुले उन्हाळ्यात आयरिशभाषी प्रदेशात जाऊन तेथील कुटुंबांत राहतात, आणि त्या प्रदेशातील घरांस त्यापासून उत्पन्न होते. मॉरेड नी ग्रादा यांचे १९६४ साली रंगभूमीवर आलेले ‘अन ट्रिअल’ हे नाटक अविवाहित मातेला दोषी ठरविणाऱ्या समाजालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. अभ्यासक्रमात त्याचा समावेश झाला नसता, तर ज्या मुलांच्या घरी आयरिश बोलली जात नाही त्यांच्यापर्यंत ते पोहोचले असते काय, याची शंकाच आहे.

२०२२ च्या शिरगणतीत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी, म्हणजे सुमारे ४० टक्क्यांनी, आपणांस आयरिश बोलता येते असे सांगितले. शाळेबाहेर ती दररोज बोलणारे सुमारे ७२ हजार होते. या दोन आकड्यांमधील अंतर हेच परीक्षेच्या सामर्थ्याचे व मर्यादेचे माप होय. परीक्षा भाषेचे ज्ञान निर्माण करू शकते; ती बोलण्याचा प्रसंग निर्माण करू शकत नाही. तो प्रसंग घर, बाजार, कचेरी व मैत्री यांनीच उपलब्ध करून द्यावयाचा असतो. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांतून मराठीचे अध्यापन आवश्यक झाले आहे. आयरिश आणि मराठी यांच्या परिस्थितीत महदंतर आहे, आणि एकीचा अनुभव दुसरीस जसाच्या तसा लावणे अनुचित ठरेल. परंतु ज्यांच्याकडे मराठीच्या प्रश्नपत्रिका काढण्याचे काम येईल, त्यांनी शालान्त परीक्षेतील त्या २६ वर्षांच्या मौनाचा एकदा विचार करावा, एवढे सुचविल्यास ते अप्रस्तुत होऊ नये.