बार्शीटाकळी ते तळेगाव, पटाच्या धुळीसाठी

पहाटेचे चार वाजलेत. विद्रूपा नदीच्या काठाकडून येणारा गारठा मफलरमधून कानात शिरतोय. 1980च्या दशकातला जानेवारी आहे, संक्रांत नुकतीच झाली आहे, आणि तुम्ही बार्शीटाकळीत राजदूतच्या किकवर पाय ठेवून उभे आहात. मागच्या सीटवर मामा बसलेत, त्यांच्या मांडीवर भाकरी-ठेच्याची शिदोरी.

"बाप्पा, सोटरात पेपर घातला का? मूर्तिजापूरलोक छाती गारठते मंग," मामा विचारतात.

घातलाय. कालचा पेपर चौघडी करून छातीवर, वरून स्वेटर, वरून जर्किन. यापेक्षा चांगला उपाय गावात कुणाजवळ नाही आणि याहून चांगल्या उपायाची गरजही नाही.

तुम्हाला जायचंय तळेगाव दशासरला, धामणगाव रेल्वेच्या बाजूला, शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत पाहायला. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. पूर्णेहून खांडव्याकडे जाणारी मीटर गेज गाडी तुमच्या गावावरून जाते खरी, पण ती तळेगावच्या वाटेची नाही. एसटीनं जायचं तर अकोला, अमरावती, चांदूर असं बदलत जावं लागेल आणि पहिल्या जोड्या सुटून जातील. म्हणून ही राजदूत. चौथ्या किकला ती धूर सोडत जागी होते आणि आळीतली कुत्री तिच्यासोबत.

अकोल्याच्या पंपावर थांबावं लागतं. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये ऑइल घातल्याशिवाय चालायची नाही. पंपावरचा पोऱ्या मापाच्या भांड्यानं हिरवट ऑइल टाकीत ओततो, तुम्ही झाकण लावता आणि गाडी दोन्ही मांड्यांत धरून डावी-उजवी हलवता. टाकीतला डुबुकडुबुक आवाज ऐकून मामा मान डोलावतात. आता निघायला हरकत नाही.

महामार्ग क्रमांक 6. पुढे कधीतरी त्याचा नंबर 53 होणार आहे आणि तो रुंद होणार आहे, पण आज दोन ट्रक समोरासमोर आले की तुमची राजदूत खाली मुरमात उतरते. बोरगाव मंजूच्या अलीकडे तुम्हाला रस्त्याच्या कडेनं दिव्यांची रांग हलताना दिसते. कापसाच्या बंड्या आहेत त्या. प्रत्येक बंडीखाली कंदील टांगलेला, वर कापसाचा डोंगर, डोंगरावर घोंगडी पांघरून झोपलेला मालक. बैलांना वाट पाठ आहे, हाकायची गरज नाही. 1972 पासून एकाधिकार खरेदी सुरू आहे, कापूस सरकारलाच द्यायचा, त्यासाठी रात्रीच नंबर लावायचा आणि मग पैशांच्या चुकाऱ्याची वाट पाहायची. गाडी हळू करून तुम्ही एका जोडीच्या बरोबरीनं चालता. बैलांच्या नाकातून वाफ निघतेय. मामा मागून ओरडतात, "उजवा पाह्य, उजवा! याले पटात पाहिजे होतं!" घोंगडीतून एक डोकं वर येतं, हसतं आणि परत आत जातं.

या बैलांना विसरू नका. तळेगावात जे पाहणार आहात ते यांच्यापासून तुटून पाहिलं तर काहीच कळणार नाही.

मूर्तिजापूरला चहा. स्टेशनाकडून शकुंतलेची शिट्टी येते. यवतमाळ आणि अचलपूरच्या मधली ही नॅरो गेज गाडी अजून वाफेवर चालते, 1921 साली मँचेस्टरला बनलेल्या इंजिनानं. 1994 साली डिझेल येईपर्यंत ती अशीच चालत राहील. तुम्ही बशीतून चहा ओढता, बोटं कपाला लावून शेकता, निघता.

बडनेरा, अमरावती मागे पडतात, सूर्य वर आलाय, चांदूर रेल्वेच्या रस्त्यावर पोहऱ्याचं जंगल लागतं. सागाची मोठाली पानं रस्त्यावर पडलीत. इथे राजदूत खोकते, दोन गचके देते आणि बंद पडते. प्लग. तुम्ही डिकीतून पाना काढता, गरम प्लग फडक्यात धरून उलटा करता. टोकावर ओली काजळी. पॉलिश पेपरचा तुकडा खिशात असतोच. दोन बोटांत धरून तुम्ही ती काजळी खरवडता, फुंकर मारता, फट डोळ्यासमोर धरून उजेड आरपार दिसतो का पाहता. मामा तोवर एका दगडावर बसून शिदोरी सोडतात. ठेचा असा तिखट की थंडी गेलीच. प्लग बसवून किक मारता, गाडी सुरू.

तळेगाव यायच्या आधीच गर्दी लागते. बंड्या, सायकली, येझदी, बुलेट, माणसांनी भरलेले ट्रॅक्टर. शेतात एका बाजूला रोडग्यांचा धूर. भज्यांच्या कढया, जिलेब्या, फुटाण्यांचे ढीग, बैलांसाठी घुंगरं, गोंडे, म्होरक्या विकणारे. आणि मधोमध काळ्या मातीत सरळ आखलेली धावपट्टी, दोन्ही अंगांना दोऱ्या, दोऱ्यांमागे माणसंच माणसं.

दोरीजवळ जागा मिळवा. मामा तर केव्हाच पुढे घुसलेत. ते सुटीच्या टोकाकडे नेतात, शेवटाकडे नाही. "जोडी धावते कशी हे तिकडं दिसते. जोडी हाय कशी हे इथं दिसते."

समोर पांढरी जोडी आणली जातेय. वर्ध्याकडचे गवळाऊ, सडपातळ, लांब पायांचे. पाच-सहा माणसं लागतात त्यांना धरायला. छकडा इतका हलका की दोघांनी उचलून सरळ केला. जोडी हाकणारा धुरकरी उघड्या पायांनी त्याच्या धुरीवर चढून उकिडवा बसतो, एका हातात कासरे. वेसणीजवळची माणसं पाय रोवून मागे रेलतात. डाव्या बैलाच्या खांद्यावरची कातडी थरथरतेय, तुम्ही इतके जवळ आहात की ती दिसते. लाऊडस्पीकरवर गावाचं नाव, मालकाचं नाव. झेंडी पडते. धरणारे एकदम बाजूला उडी मारतात. मातीचं ढेकूळ तुमच्या गालावर बसतं. छकडा दिसतच नाही, धुळीतून फक्त धुरकऱ्याचं वाकलेलं अंग आणि दोन शेपट्या. श्वास घ्यायच्या आत त्या टोकाला आरोळी उठते आणि लाऊडस्पीकर सेकंद सांगतो.

संपलं. वर्षभर ढेप चारली, पहाटे उठून चालवलं, पोळ्याला सजवलं, आजारात रात्र-रात्र गोठ्यात काढली, ते सगळं या मूठभर सेकंदांत. मालक धावत नाही. तो दुसऱ्या टोकाला चालत जातो आणि बैलांच्या कपाळावर हात ठेवतो. पाटलाची जोडी असो की चार एकरवाल्याची, घड्याळ दोघांना सारखंच. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कापसाचा भाव दुसऱ्यानं ठरवून दिला, चुकारा दुसऱ्याच्या मर्जीनं मिळाला, पण त्यानं सांभाळलेलं जनावर कसं आहे याचा निकाल इथे हजारो माणसांसमोर, त्याच्या डोळ्यांदेखत लागतो. म्हणून माणसं दीडशे किलोमीटर गारठ्यात येतात.

पुढची जोडी. या धुरकऱ्याच्या हातात तुतारी आहे, बैल टोचायची काठी, टोकाला आर लावलेली. जोडी जाते आणि परत येताना तुमच्यासमोरून जाते, तेव्हा उजव्या बैलाच्या पुठ्ठ्यावर लाल ठिपके दिसतात. बाजूचे लोक तरी टाळ्या वाजवतात. मामा वाजवत नाहीत. "ज्याच्या जनावरात दम हाय त्याले तुतारी कायले लागते?" ते म्हणतात, मोठ्यानं, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं.

मातीवरची शर्यत ही काही आपलीच नाही. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये 1896 साली मोटारींची शर्यत झाली ती राज्याच्या कृषिमेळ्यात, घोड्यांसाठी केलेल्या मातीच्या गोल रिंगणावर, आणि जिंकली विजेवर चालणारी गाडी. आजही तिकडे आयोवातल्या नॉक्सव्हिलला मातीवर धावणाऱ्या गाड्या पाहायला लोक दूरदूरहून येतात, आणि ते रिंगणही जिल्ह्याच्या जत्रेच्याच मैदानावर आहे. शेती करणारा मुलूख जिथे जमतो तिथे वेग मोजला जातो. फरक एकच, आणि तो मोठा आहे: यंत्राला दुखत नाही.

आता डोळे मिटा आणि वर्षं पुढे सरकू द्या. तुम्ही त्याच मातीत उभे आहात, पण दोऱ्या नाहीत, स्पीकर नाही. जुलै 2011 मध्ये केंद्र सरकारनं खेळात वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला आणि 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही थांबवल्या. ते ठिपके तुम्ही पाहिले आहेत, त्यामुळे न्यायालयाला काय दिसलं हे तुम्हाला कुणी समजावायला नको. पण आसपासच्या गोठ्यांतही जा. ट्रॅक्टर आला, बैल विकले गेले, आणि धावणारी जोडी ठेवायचं जे एक कारण उरलं होतं तेही गेलं. 2017 साली शर्यतींना वाट करून द्यायला राज्यानं कायदा बदलला, तोही कोर्टात अडकला.

अजून पुढे या. 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयानं महाराष्ट्रात शर्यतींना अटींसह परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांचे असे बदललेले कायदे वैध ठरवले. तळेगावची पट्टी पुन्हा आखली गेली आहे. प्रवेशाआधी पशुवैद्यक जोडी तपासतो. धावेला हजार मीटरची कमाल मर्यादा आहे. काठी, चाबूक, तुतारी, काहीही हातात धरायला मनाई आहे. बाया जोडी हाकायला धुरीवर बसतात, आणि त्या दिवशीची आरोळी आधीच्या कुठल्याही आरोळीपेक्षा मोठी असते. कुणी म्हणतं, तुतारीशिवाय काय मजा? त्याला मामांचं वाक्य ऐकवा. नियमांनी पट कमी झालेला नाही, उलट आता कुठे जनावराचा खरा दम मोजला जातोय.

संक्रांत झाली की तळेगावला जा. बार्शीटाकळीहून आता रस्ता चांगला आहे, गाडीत ऑइल ओतावं लागत नाही. सुटीच्या टोकाला उभे राहा. आणि कुणाच्या हातात तुतारी किंवा बाहीत लपवलेला खिळा दिसला, तर टाळ्या वाजवू नका. तिथल्या तिथे पंचांकडे जा, जोडीचा नंबर सांगा आणि ती बाद झाल्याशिवाय हलू नका. एका तुतारीपायी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली, तर यावेळी पट परत मिळायचा नाही.