पोटासाठी परगावी गेलेल्यांचा कायदा

आपल्या अहमदपूर तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीत जा, बाहेरगावी पोट भरणारी माणसं भेटतातच. कुणी पुण्याला, कुणी मुंबई-भिवंडीला, कुणी हैदराबादला. दसरा-दिवाळी सरली की कोयता घेऊन ऊसतोडीला निघणारी जोडपी वेगळीच. गाव सोडताना माणूस भाकरी बांधून घेतो, अंथरूण-पांघरूण घेतो. कायद्याची माहिती मात्र त्याला कुणी बांधून देत नाही. परमुलखात मजुरी बुडाली, झोपडी मोडली, अंगावर खोटी केस आली, तर विचारायचं कुणाला? हा प्रश्न आजचा नाही. त्याचा इतिहास आपल्या पोराबाळांना ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता. अहमदपूर तालुका तेव्हा बिदर जिल्ह्यात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो उस्मानाबादला जोडला गेला आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर लातूरकडे आला. निजामी कारभाराची भाषा उर्दू. जमिनीचा कागद असो की कोर्टाचं समन्स, अक्षरओळख नसलेल्या मराठी माणसाला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. वाचणारा सांगेल ते खरं! म्हणजे स्वतःच्या गावातसुद्धा आपला माणूस कायद्याला परकाच होता.

तिकडे मुंबईत गिरण्यांच्या ओढीने कोकणातून, घाटावरून माणसं येत होती. त्यांच्यासाठी ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली. रात्रशाळा, वाचनालयं याबरोबर गोरगरिबांना कायद्याचा सल्ला देणं हेही तिचं काम होतं. बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. त्यांचं कार्यालय होतं परळच्या दामोदर हॉलमध्ये, म्हणजे कामगारवस्तीच्या मधोमध. राहायलाही ते परळच्याच चाळीत होते. गरीब अशिलांची कामं त्यांनी थोड्या फीवर, प्रसंगी फी न घेता चालवली. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं कामही याच हॉलमधून चाले. वकील वस्तीत असला की गरिबाला कायदा जवळचा वाटतो, हा धडा तिथे मिळाला. आणि कायद्याला धीर लागतो, हा धडा महाडने दिला. चवदार तळ्याचा दावा १९२७ च्या डिसेंबरात सुरू झाला. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. सव्वानऊ वर्षं कागद सांभाळून लढावं लागलं.

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातली माणसं शहराकडे लोटली. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर नांदेड-परभणीकडच्या वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हाही कित्येकांना गाव सोडावं लागलं. शहरात जागा मिळाली ती फुटपाथवर, नाल्याकाठी, रुळाच्या कडेला.

१३ जुलै १९८१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवायचं. भर पावसाळ्यात झोपड्या मोडायला सुरुवात झाली. याविरुद्ध फुटपाथवरचेच काही रहिवासी, पत्रकार ओल्गा टेलिस आणि नागरी हक्कांच्या संघटना कोर्टात गेल्या. अर्जदारांत तमिळनाडूतल्या सेलमचा एक भूमिहीन मजूर होता, तसाच आपल्या संगमनेरचाही एक जण होता. गरिबांच्या बाजूने इंदिरा जयसिंग यांच्यासारख्या वकील उभ्या राहिल्या. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने निकाल दिला : जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. मात्र फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क कोर्टाने मानला नाही. झोपड्या हटवायला परवानगी मिळाली, तीही पावसाळ्यानंतर. ज्यांच्याकडे १९७६ च्या गणनेचं ओळखपत्र होतं, त्यांना पर्यायी जागा द्यावी असं सांगितलं. म्हणजे बघा, तत्त्व सगळ्यांसाठी जिंकलं, पण जागेचा आधार मिळाला तो कागद जपणाऱ्याला!

पुढे कायदे झाले. घटनेत १९७६ साली कलम ३९-क आलं आणि मोफत कायदेशीर मदत हे शासनाचं काम ठरलं. १९८७ चा विधी सेवा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची माणसं, स्त्रिया, मुलं, कारखान्यातले कामगार यांना वकील मोफत मिळतो. उत्पन्नाची अट त्यांना नाही. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा असतो. १५१०० या नंबरवर फोन करूनही सल्ला मिळतो. १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने हेही सांगितलं आहे की, कर्ज किंवा उचल दिली म्हणून माणसाला वेठीला धरता येत नाही.

परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली वेगळा कायदा झाला. २०२० च्या श्रमसंहितेत तो सामावला गेला. पण त्यात एक मेख आहे. अहमदपूरचा मजूर बेळगावकडच्या कारखान्यावर गेला तर तो स्थलांतरित, आणि सांगली-कोल्हापूरला गेला तर नाही! घर सोडण्याचं दुःख मात्र दोघांचं सारखंच.

८ मे २०२० ची पहाट मराठवाडा विसरणार नाही. टाळेबंदीत जालन्याहून पायी गावाकडे निघालेले मध्य प्रदेशातले १६ मजूर करमाडजवळ रुळावर झोपले आणि मालगाडीखाली गेले. ते आपल्या मुलखात आलेले परके होते. आपली लेकरं दुसऱ्यांच्या मुलखात तशीच असतात.

म्हणून विहाराकडून एक अपेक्षा. बाहेर जाणाऱ्यांची एक वही इथे असावी : कुठे गेला, मुकादम कोण, उचल किती, घरचा फोन कोणता. उचलीचा आकडा लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला यांच्या नकला घरी ठेवाव्यात. आपल्यातली शिकलेली, वकील झालेली मुलं-मुली महिन्यातून एक रविवार दोन तास इथे बसली, तर दामोदर हॉलचं काम अहमदपुरातही होईल. त्याला मोठा खर्च नाही; एक सतरंजी, एक वही आणि वेळेवर येणारा माणूस एवढंच लागतं.